गणपतीपुढे उघडलेलं भलतंच गाठोडं

लग्नाचा बस्ता म्हणजे नुसती कपड्यांची खरेदी नव्हे, हे ज्यांच्या घरात लग्न झालंय त्यांना सांगायला नको. दोन्हीकडची माणसं एका गादीवर बसतात, तोंडभर हसतात आणि डोळ्यांनी एकमेकांना जोखत राहतात. माझ्या भाचीचा, पल्लवीचा बस्ता जालन्याच्या कापड प्रदर्शनात करायचा हे ताईने ठरवलं. गाडी माझी आणि पेट्रोलही माझं, हेही तिनेच ठरवलं. मामा असण्याचे हे फायदे.

सकाळी भोकरदनहून निघालो. गाडीत मी, ताई, पल्लवी आणि पल्लवीच्या होणाऱ्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई. नवरदेव जालन्यातच एमआयडीसीत कामाला, पण त्याला सुट्टी मिळाली नव्हती. विहीणबाई शकुनाच्या बाबतीत फार पक्क्या. वेशीपाशी मांजर आडवं गेलं तर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि मागची दुसरी गाडी पुढे जाऊ दिली. त्या गाडीवाल्याचं काय होईल, असं मी विचारलं. त्या हसल्या नाहीत.

राजूरमार्गे रस्ता चांगला आहे. वाटेत मोसंबीचा ताजा रस मिळतो, तो सोडू नका. प्रदर्शनाला प्रवेश फुकट, गाडी लावायला मात्र लवकर पोहोचलेलं बरं. मंडपात शिरलो आणि डोळे दिपले. पैठण्या, खणाची कापडं, इरकल, सोलापुरी चादरी. एका हिमरू शालीवर मी प्रेमाने हात फिरवला, किंमत विचारली आणि तितक्याच प्रेमाने ती परत ठेवली. दुपारी बचत गटाच्या बायकांकडची भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी दुसरी भाकरी घेतलीच.

बस्ता प्रदर्शनातल्याच सलीमभाईंच्या दुकानावर झाला. मोठं दुकान, लग्नापासून दुखवट्यापर्यंत सगळं कापड ठेवणारं. पल्लवीने लाल शालू पसंत केला आणि विहीणबाईंनी चक्क पहिल्या झटक्यात मान डोलावली. ताईचा जीव भांड्यात पडला. शेजारी एक म्हातारबाबा एकटेच बसले होते. त्यांच्यापुढे पांढऱ्या टोप्या आणि उपरणी होती. ते दिसताच विहीणबाईंनी पल्लवीला उठवून आपल्या पलीकडे बसवलं. सलीमभाईंच्या माणसाने आमचं आणि बाबांचं कापड सारख्याच मांजरपाटात बांधलं, गच्च गाठ मारली आणि आम्ही आमचं गाठोडं उचललं.

आता आमच्याकडची रीत सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. बस्त्याची गाठ एकदा बसली की ती वाटेत सोडायची नाही. आधी राजूरच्या गणपतीपुढे गाठोडं ठेवायचं, तिथेच गाठ सोडायची, पहिल्या वस्त्राला हळदकुंकू लावायचं आणि मगच ते घरात न्यायचं. त्यामुळे आत काय आहे हे तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

राजूरला गाडी लावली, पायऱ्या चढून वर गेलो. ताईने कुंकवाचा करंडा काढला. विहीणबाईंनी गणपतीला हात जोडले आणि गाठ सोडली.

आत पांढऱ्या टोप्या होत्या. पांढरी उपरणी होती. त्याखाली एक हिरवं साधं लुगडं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगत असतो, पण त्या क्षणी मीही दोन पावलं मागे सरकलो. देवापुढे, लग्नाचा म्हणून, आम्ही कुणाचा तरी दुखवटा उघडला होता. ताईच्या हातातलं कुंकू फरशीवर सांडलं. पल्लवी खांबाला टेकून उभी राहिली. विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. नुसत्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे लगीन सध्या राहू द्या. मंग बघू."

‘मग बघू’चा अर्थ आपल्याकडे काय होतो, ते ताईला बरोबर कळलं. ती मटकन खाली बसली.

पावतीवरचा नंबर बघून मी सलीमभाईंना फोन लावला. गाठोड्याचं नाव काढताच त्यांनी माफी मागायला सुरुवात केली. ते बाबा कधीचे परत येऊन दुकानात बसले होते, आमचा नंबर कुणाकडेच नव्हता. मी गाडी परत जालन्याकडे वळवली.

बाबा दुकानाच्या कडेला, गादी सोडून जमिनीवर बसले होते. आमचं गाठोडं मात्र त्यांनी स्वच्छ चादर मागून तिच्यावर ठेवलं होतं. आम्हाला पाहून ते उठले. म्हणाले, "मंठ्याच्या बसमधी बसल्तो. फटीतून लाल पदर दिसला, तसाच उतरलो. उघडलं न्हाई म्या, आतल्या कापडाला बिलकुल हात लावला न्हाई."

पल्लवी त्यांच्या पाया पडायला वाकली. ते झटकन मागे सरले. "सुतक हाय बाई. पाया न्हाई पडायचं."

ताईने विचारलं, तेव्हा कळलं की त्यांची बायको गेली होती. नवऱ्याआधी, अहेवपणी. तेराव्याला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, त्यासाठी ते हिरवं लुगडं होतं. ते त्यांनी स्वतः निवडलं होतं. पण ती पंचकात गेलेली. पंचकातला मृत्यू आणखी कुणाला तरी घेऊन जातो, असं म्हणतात. त्यामुळे गावातली एकही बाई सवाष्ण म्हणून ताटावर बसायला तयार नव्हती. लुगडं घेतलंय खरं, नेसायला कुणी मिळतंय का बघू, असं ते कापडाची घडी सारखी करत म्हणाले.

मी विहीणबाईंकडे पाहिलं. पंचक हा शब्द ऐकून त्या दुकानाबाहेर पळतील अशी माझी खात्री होती. त्या पुढे झाल्या.

"मी बसते सवाष्ण," त्या म्हणाल्या. "गाव कोणतं तुमचं?"

बाबा गोंधळून म्हणाले, आपलं ना नातं ना गोतं, तुमच्या घरी लग्नकार्य. त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "कुंकू हाय माझ्या कपाळाला. बास न्हाई का तेवढं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

गाठोडी बदलून परतताना गाडीत मी विहीणबाईंना धीर करून कारण विचारलं. खिडकीबाहेर बघतच त्या म्हणाल्या, "माझी माय पंचकातच गेल्ती. बापानं ताट वाढून ठेवलं. सांज झाली, कुणी आलं न्हाई. मंग ते ताट त्यानं गाईला घातलं. तवापास्नं मी सगळ्याला भेत आले."

राजूर आलं तसं त्यांनी स्वतःच गाडी थांबवायला सांगितली. पुन्हा पायऱ्या चढलो. शालूला पहिलं हळदकुंकू त्यांनीच लावलं आणि लग्नाची तारीख आहे तीच राहील असं ताईला सांगितलं. ताई तिथेच रडली.

तेराव्याला त्यांना मंठ्याकडे मीच घेऊन गेलो. अंगणात गावातल्या बायका लांबून बघत उभ्या होत्या. विहीणबाई पाटावर बसल्या आणि सावकाश जेवल्या, पुरण दुसऱ्यांदा मागून घेतलं. बाबा दाराच्या आड उभे राहून उपरण्याने तोंड पुसत होते. निघायच्या वेळी त्या बायकांतली एक पुढे आली आणि विहीणबाईंच्या हातात पानसुपारी ठेवून मागे फिरली.

मंठ्याहून घरी पोहोचल्यावर बायकोने विचारलं, ते प्रदर्शन कसं होतं सांगितलंच नाही, पुढच्या वेळी जायचं का आपण? मी म्हटलं, जरूर जाऊ, पण बांधलेलं गाठोडं उघडून बघायचं. मग तिला सगळं सांगितलं. पल्लवीचं स्थळ बघताना आम्ही शेती पाहिली, नोकरी पाहिली, पत्रिका पाहिली. सासू कशी आहे ते काही आम्ही पाहिलं नव्हतं. ते आता पाहिलं, आणि भाची चांगल्या घरी चालली आहे, या विचाराने त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत वाटलं.