बाबांचे पट्टे आवळणारा माझा भाऊ

धाकट्या भावाची तीन वर्षांची मुलगी गोवराच्या तापाने फणफणली होती. भाऊ सिन्नरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिला धाप लागली तेव्हा घाबरून त्याने आणि वहिनीने तिला नाशिकला आणलं. मी इथेच राहते, लगेच दवाखाना गाठला. मागोमाग मनमाडहून बाबाही आले.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. न्यूमोनिया झालाय म्हणाल्या. मग विचारलं, "गोवराची लस कधी दिली होती?"

"नाही दिली," भाऊ म्हणाला.

"आणि बाकीच्या?"

"जन्मल्यावर दिल्या तेवढ्याच. पुढच्या लसींबद्दल मोबाईलवर बरंच काय काय पाहिलं. आम्ही ठरवलं, नको."

'आम्ही' ऐकून वहिनीने मान खाली घातली. मला तर वाटलं, मी चुकीचंच ऐकलं.

"पोलिओचे डोस तरी?" बाबांनी विचारलं.

"बाबा, पोलिओ आता कुठे राहिलाय आपल्याकडे?"

बाबांचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेला. तेव्हा त्यांच्या गावात लस पोचलीच नव्हती. पायाला आधारासाठी कॅलिपर लावून त्यांनी रेल्वेत अख्खी नोकरी केली. सकाळी त्या कॅलिपरचे चामडी पट्टे आवळायला आम्ही दोघं भावंडं भांडायचो. बहुतेकदा भाऊच जिंकायचा.

बाबा कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. फक्त म्हणाले, "माझे पट्टे तू आवळायचास रे."

"ते वेगळं, बाबा."

"काय वेगळं?"

बाबा भिंतीला धरून बाकावर बसले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं खचलेलं पाहिलं नव्हतं.

पोरगी ऑक्सिजनवर होती. आम्ही आळीपाळीने उशाशी बसायचो. हळूहळू ताप उतरला आणि एका सकाळी तिने स्वतःहून बिस्कीट मागितलं. तेव्हा कुठे वहिनी रडली. म्हणाली, "ताई, मला त्या इंजेक्शनांची भीती वाटायची. आणि यांच्या मनाविरुद्ध बोलायचीही."

पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं तिने मुलीचं राहिलेलं लसीकरण सुरू केलं. प्रत्येक डोसाला बाबा मनमाडहून येतात. भाऊ सगळ्यांना गाडीने दवाखान्यात सोडतो आणि स्वतः बाहेरच थांबतो. त्याचं मत बदललं का, हे त्याने सांगितलेलं नाही.

आम्ही एकाच घरात वाढलो, तोच पाय रोज पाहिला. मला अजून कळत नाही, त्याला तेव्हा काय दिसत होतं.