बहिणीचा साखरपुडा आणि गाडीचा गेलेला पिकअप

आमच्या घरात गाडी बिघडली की मेकॅनिकला बोलावत नाहीत, मीटिंग घेतात.

त्याला कारण आहे. मी चाकणला एका कंपनीत गिअरबॉक्सची क्वालिटी बघतो. माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, दुसऱ्या कंपनीत इंजिन टेस्टिंगला आहेत. त्यामुळे आमची म्हातारी डिझेल गाडी जरा कुरकुरली, की मी म्हणतो इंजिन गेलं आणि दाजी म्हणतात गिअरबॉक्स गेला. (आपल्या खात्याचा माल खराब निघू शकतो हे कबूल करणारा माणूस आमच्या पट्ट्यात अजून जन्मायचाय.)

धाकट्या मनालीचा साखरपुडा मोशीला होता. मुलाकडचे तिथले जुने गावकरी. बाबा आणि ताई बाकीच्या पाहुण्यांना बसने घेऊन आधीच पुढे गेले होते. मागून रावेतहून आमची गाडी निघाली. मी चालवायला, शेजारी दाजी, मागे आई, पैठणीतली मनाली आणि खास लातूरहून आलेले मामा. नवरीमुलगी आमच्याकडे असल्यामुळे आम्ही पोचेपर्यंत कार्यक्रम सुरू होणार नाही, या भरवशावर आम्ही आरामात निघालो होतो.

स्पाइन रोडला एका सिग्नलवर मी जोरात ब्रेक मारला. सिग्नल सुटला आणि गाडीने राम म्हटला. बंद पडली असती तर परवडलं असतं. ती चालू होती, पण पळत नव्हती. मी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबत होतो आणि ती लग्नाच्या वरातीच्या वेगाने सरकत होती. एक शहाळेवाला हातगाडी ढकलत आमच्या शेजारून पुढे गेला. जाताना त्याने आत वाकून बघितलं.

"पिकअप गेला," मी म्हणालो. "इंजिनाचं काम आहे."

"इंजिन घड्याळासारखं वाजतंय," दाजी म्हणाले. "क्लच घसरतोय. तुमच्या बाजूचं आहे."

"क्लच घसरला तर इंजिन ओरडतं दाजी. हे तर पुटपुटतंय."

"तुमच्या गिअरबॉक्सला घाबरलं असेल."

मामांच्या मळ्यात पूर्वी डिझेल इंजिनवर पाणी काढायचे, त्यामुळे त्यांनाही अधिकार होता. "इंजनानं हवा धरली बगा," ते म्हणाले. "आमचं इंजन असंच करायचं. पाइप काढून तोंडानं वढावं लागतंय."

"कुणी कशाला तोंड लावायचं नाही," आई म्हणाली. "गुरुजींना पुढे देहूला दुसरा साखरपुडा आहे. ते थांबणार नाहीत."

पुढे चढ होता. तिथे गाडीने उरलासुरला जीवही सोडला. कडेला घेतली आणि आम्ही बॉनेट उघडलं. तिघांनीही पांढरे झब्बे घातले होते, त्यामुळे हात कुणीच लावत नव्हतं. नुसतं बोटांनी दाखवणं चालू होतं. मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. ऑनलाइन मागवलेलं स्कॅनर. स्टिअरिंगखाली डोकं घालून ते जोडलं आणि मोबाइलवर रिपोर्ट बघितला. गाडीत कोणताही दोष नव्हता.

"म्हणजे गाडी चांगली आहे," दाजी म्हणाले. "ड्रायव्हर तपासायचं मशीन आणलंय का?"

आता मनाली गाडीतून उतरली, पैठणीचा पदर खोचला आणि म्हणाली, "दादा, तुमची मीटिंग झाली असेल तर तिघं मिळून ढकला. चढ संपेपर्यंत मी स्टिअरिंग धरते. पलीकडे उतार आहे, तिथून जाऊ आपण."

"तुला जमेल का? गाडीत मोठा फॉल्ट आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला तरी कुठे जमतंय?"

तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, आत बसली आणि गाडी चालू करून गिअर टाकला. आम्ही तिघं मागे गेलो. मी डाव्या दिव्याला, दाजी उजव्या दिव्याला आणि मधोमध, बरोबर सायलेन्सरच्या वर, मामा. एक, दोन, तीन म्हणून जोर लावला. गाडी हलली. थोडी पुढे गेली. मग तिने एकदम डरकाळी फोडली, आमच्या अंगावर काळ्या धुराचा लोट सोडला आणि सुसाट चढ चढून दिसेनाशी झाली.

धूर विरल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं. मामांचे फक्त दात ओळखू येत होते.

"हवा निघाली," मामा म्हणाले.

तेवढ्यात मनालीचा फोन आला. खरं तर आई बोलत होती. "अरे, पायाखालची मॅट पुढे सरकून त्या पायडलखाली घुसली होती. मनूच्या अनवाणी पायाला लागली. तिने ओढून काढली आणि गाडी पळाली. आता थांबवत नाही रे, गुरुजी निघतील. तुम्ही या मागून."

ती मॅट आईनेच सकाळी नवी, चांगली जाडजूड टाकली होती. माझ्या नव्या बुटांच्या तळांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. स्कॅनर जोडताना माझं नाक त्या मॅटपासून वीतभर होतं, हे मी दाजींना आजतागायत सांगितलेलं नाही.

रिक्षावाले आमचे अवतार बघून थांबत नव्हते. शेवटी कुदळवाडीकडून येणारा एक भंगाराचा टेम्पो थांबला. आम्ही मागे चढलो. मामा एका फाटक्या सीटवर, दाजी इंजिनाच्या सिलिंडर हेडवर आणि मी गिअरबॉक्सच्या केसिंगवर.

"बघा," सगळ्या मालावर नजर फिरवून दाजी म्हणाले, "भंगारात गिअरबॉक्सच जास्त आहेत."

कार्यालयात पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. नवरीमुलगी स्वतः गाडी हाकत आली याचंच जिकडेतिकडे कौतुक चाललं होतं. बाबा समोरून गेले, त्यांनी आम्हाला बघितलं आणि ओळख न दाखवता पुढे गेले. मामा पेढ्यांच्या बाजूला सरकले, दाजी तोंड धुवायला पळाले. दारात मुलाचे आजोबा फेटा बांधून बसले होते, त्यांच्या तावडीत मी एकटा सापडलो.

"सूनबाई लई धीराची हाय," ते म्हणाले. "गाडीत तीन बाप्ये होते म्हनं. त्यास्नी न्हाई उमगलं, तिला उमगलं. तुमी कोन? काय करता?"

"चाकणला असतो, आजोबा."

"गाड्यांच्या कंपनीत?"

मी क्षणभर विचार केला. कंपनीचं मीठ खाल्लं होतं, तिची अब्रू राखणं माझं कर्तव्य होतं.

"हो," मी म्हणालो. "कँटीन बघतो."

"मंग द्येवच पावला," आजोबा उठलेच. "आमचा एक वाढपी आला न्हाई. हात धुवा आन् घ्या ही परात."

पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत मी जिलेबी वाढली. दिवसभरात माझ्या हातून सुरळीत पार पडलेलं तेवढं एकच काम. मुलाकडच्या एक आजी तर इतक्या खूश झाल्या, की त्यांनी निघताना मला बाजूला बोलावून विचारलं, "लग्नाला बी वाढायला तूच येशील न्हवं, पोरा?"

येतो म्हणालो. नाहीतरी नवरीचा भाऊ म्हणून मला तिथे कोण ओळखणार होतं?