केसांचे हमीपत्र

आमच्या गावच्या दूध संस्थेच्या मागील अंगास, गोठ्याच्या सावलीत, गयामावशी पालथ्या घातलेल्या कॅनवर पाठमोऱ्या बसल्या आहेत आणि त्यांचे गुडघ्यापर्यंत पोहोचणारे केस जुन्या चादरीवर पसरलेले आहेत, हे दृश्य मी असंख्य वेळा पाहिले आहे. केस वाळेपर्यंत त्या जागेवरून उठत नसत. एकदा संस्थेचे चेअरमन स्वतः पाहणीस आले असता मावशींनी मान न वळवता सांगितले, "केस ओले हाईत, साहेब. वाळले की उठते. कॅन सकाळीच घासून ठिवलेत, वास घेऊन बघा." चेअरमनांनी खरोखरच एका कॅनमध्ये डोके घालून वास घेतला आणि ते निघून गेले.

मी व्यवसायाने अर्जनवीस. शिक्षण सातवीपर्यंत झालेले असले तरी गेवराईच्या कचेरीसमोर माझ्या हस्ताक्षराला मान आहे, आणि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आल्याचे उदाहरण नाही. संस्थेच्या भिंतीला लागून माझे घर असल्यामुळे गयामावशींचा सहवास मला पंचवीस वर्षे लाभला. त्या बौद्धवाड्यातील. पती लवकर वारले, मूलबाळ नव्हते. संस्थेत दुधाचे कॅन धुण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. घरात बुद्धाची एक तसबीर, एक दुभती शेळी आणि करडीच्या तेलाची बाटली, एवढाच त्यांचा संसार होता.

त्यांचे केस पाहून दूध घालायला येणाऱ्या बायका हटकून विचारीत, "मावशी, डोक्यावरून किती दिसानं न्हावं?"

"कॅलेंडरला कावून इचारती? केसाला इचार," मावशी म्हणत. "मुळाशी बोट लाव. चिकटलं तर न्हा. कोरडं आलं तर गप बस. आगं, कॅन रोज घासावा, केस रोज घासू न्हाई. कॅनला तेल चालत न्हाई आन् केसाला तेलाबिगर चालत न्हाई."

सुकाळात त्या स्वतः आठव्या दिवशी न्हात. टँकरच्या वर्षांत बाराव्या दिवशी, तेही एका घागरीत. शिकेकाई आदल्या दिवशी भिजवलेली असे. मात्र न्हाण्याहून त्यांचा कटाक्ष वाळवण्यावर अधिक. "पाण्यानं केस मरत न्हाईत," त्या सांगत. "ओले बांधले की मरत्यात."

या वाक्याचा अर्थ मला दुष्काळाच्या एका वर्षी पूर्णपणे कळला. आमच्या गल्लीतील पार्वतीबाईंची सून मंदा त्या हंगामात नवऱ्याबरोबर माजलगावकडील साखर कारखान्यावर ऊसतोडीस गेली होती. तिचेही केस लांबसडक. उसाच्या पाचटाची कूस डोक्यात जाऊन खाज सुटे, म्हणून ती रोज संध्याकाळी कालव्यावर डोके भिजवी आणि पहाटे तोडीला जायचे म्हणून ओल्याच केसांचा अंबाडा घालून वर फडके आवळी. पाच महिने असे चालले. गावी परतली तर इथे टँकर चौथ्या दिवशी, माणशी दोन घागरी. मग केस अजिबातच धुतले गेले नाहीत. वैशाखात फडके सोडले, तेव्हा मानेवर केसांचा वळलेला दोरखंड झाला होता.

पार्वतीबाईंनी तो पाहिला आणि हात जोडले. देवीने सुनेला बोलावले, जट आली, असे त्यांनी सर्वांस सांगितले. येत्या पौर्णिमेस मंदाला देवीच्या नावाने सोडायचे ठरले. म्हणजे तिने नवऱ्याशी संसार करायचा नाही, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. पौर्णिमेला अकरा दिवस होते. मंदा एकोणीस वर्षांची होती.

ती दूध घालायला आली, तेव्हा मावशींनी जट हातात घेऊन दाबून पाहिली. "ही देवी न्हाई. हा कालवा हाय," त्या म्हणाल्या आणि कॅन तसाच टाकून पार्वतीबाईंच्या दारात गेल्या. मीही मागोमाग गेलो.

पार्वतीबाई दुष्ट नव्हत्या, भ्यालेल्या होत्या. "गयाबाई, तुमी देवी मानीत न्हाई. तुमाला काय व्हायचं न्हाई. जट सोडवली तर कोप आमच्या घरावर व्हईल. त्याला जबाबदार कोन?"

"मी."

"तोंडानं कुनी बी म्हनतं. लिहून देता का?"

"ह्यो मुनशी कशाला उभा हाय मग?" मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "लिवा."

मी लिहिले. ते माझ्या उत्तम लेखनांपैकी एक होते, हे नमूद करणे भाग आहे. लिहून देणार गयाबाई, लिहून घेणार पार्वतीबाई. कारणे हमीपत्र लिहून देते ऐसे की, सदरहू जट सोडविल्यामुळे आपले घरी माणसास वा जनावरास काही अपाय झाल्यास त्याची भरपाई मी विनातक्रार करून देईन. मावशींनी एकेक अक्षर जुळवीत सही केली.

पुढचे आठ दिवस दुपारी त्या मंदाला पुढ्यात घेऊन बसल्या. पाणी लावले नाही. पाण्याने गाठ आवळते, असे त्यांचे म्हणणे. तेल जिरवायचे आणि पोती शिवण्याच्या दाभणाने टोकाकडून वर एकेक पदर मोकळा करायचा. मंदा कळवळली की त्या म्हणत, "रड, पर मान हालवू नगं." बोटभर गाठ कशानेही सुटेना, ती मंदाने स्वतः कात्री मागून कापली. नवव्या दिवशी मावशींनी आपल्या वाट्याच्या दोन्ही घागरी तापवून तिला न्हाऊ घातले आणि संध्याकाळपर्यंत चादरीवर बसवून ठेवले. पौर्णिमेला मंदा घरीच भाकरी थापीत होती.

श्रावण कोरडा गेला. चाऱ्यावाचून गावात किती तरी जनावरे दगावली, त्यांत पार्वतीबाईंची गायही गेली. त्या कागद घेऊन मावशींकडे आल्या. मी मध्ये पडलो. मावशींना बाजूस घेऊन म्हणालो, "काही द्यायचे नाही. असला कागद कोर्टात टिकत नाही. देवीच्या कोपाची भरपाई कायद्यात बसत नाही."

"टिकत न्हाई, तर मग लिवला कावून?"

मी दुरूनच त्या कागदावरील माझे सुबक अक्षर पाहू लागलो.

"तुमच्या कोर्टात टिकत नसंल, मुनशी. तिच्या मनात टिकतो. आज म्या न्हाई म्हणलं, तर उद्या दुसरी सासू आपली सून माझ्या म्होरं बसवंल का?" असे म्हणून त्यांनी शेळीचे दावे सोडून पार्वतीबाईंच्या हातात दिले. पार्वतीबाई खाली मान घालून शेळी घेऊन गेल्या. गायीची भरपाई शेळीने होत नाही. परंतु त्यांनी पुन्हा मागणी केली नाही, आणि मंदाच्या केसांविषयी त्या घरात पुन्हा कोणी बोलले नाही.

मावशींचे म्हणणे वर्षभरात खरे ठरले. उमापूरकडील एक बाई तशाच सुनेला घेऊन संस्थेच्या मागे येऊन उभी राहिली. कागदाची आणि शेळीची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. तिने विचारले, "कागद द्याल वो, पर भरून द्यायला तुमच्यापाशी आता हाय काय?"

सून खाली बसून फडक्याचे टोक चावत होती.

मी हमीपत्र लिहिले आणि मावशींच्या नावाखाली जामीनदार म्हणून माझे नाव घालून सही केली. असा सल्ला मी माझ्या कोणत्याही पक्षकारास दिला नसता. तीस वर्षे मी इतरांसाठी कागद लिहिले. ज्यात मी स्वतः सापडू शकतो असा हा पहिलाच होता, आणि सही करताना माझे अक्षर थोडे बिघडले. वाचून दाखवल्यावर मावशींनी विचारले, "तुमच्याकडं शेळी हाय का?"

"नाही. सायकल आहे."

"इचार करा. काळ वंगाळ हाय, कुनाचं बी काय बी मरंल."

"सायकलीला चारा लागत नाही, मावशी."

त्या पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या. मग सुनेला पुढ्यात ओढून त्यांनी तेलाची बाटली उघडली.

गयामावशींना जाऊन आता चार वर्षे झाली. असे एकूण पाच कागद मी लिहिले. मंदाचा सोडून बाकीच्या चारांवर माझी सही आहे. त्या चारही घरांत नंतर काही ना काही झालेच असणार; घर म्हटले की आजारपण येते, जनावर जाते. परंतु कागद घेऊन माझ्या दारात कोणी आले नाही. आले असते, तर सायकल काढून दिली असती. एवढे मी येथे लेखी देतो.