आतला गडी झोपला हाये

शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्यावर लग्नं जुळवायला लागल्या. बुलढाण्यात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात मुलामुलींच्या बायोडाट्याच्या फायली. मी तेव्हा पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करायचे. बाईंनी एक दिवस बोलावून घेतलं आणि सांगितलं, "मला वेबसाइट करून दे. माझ्या तासाला तू फार बडबडायचीस, त्याची शिक्षा समज."

मी केली. साइटचे दोन भाग होते. पुढे वेब सर्व्हर, तो पानाची चौकट आणि मुलाचा फोटो दाखवायचा. मागे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, तो त्या मुलाचं शिक्षण, उंची, शेती, अपेक्षा हे सगळं डेटाबेसमधून काढून द्यायचा. कुणी फोटोवर बोट टेकवलं की पुढच्याने मागच्याला विचारायचं, मागच्याने माहिती द्यायची आणि ती फोटोखाली उमटायची. मुलींचे फोटो मात्र बाईंनी साइटवर टाकू दिले नाहीत. ते कपाटातच राहिले.

दोन्ही सर्व्हरची जोडणी चालू असताना मी बाईंना साइट दाखवायला गेले, आणि नेमकं तेव्हाच एका मुलाच्या फोटोखाली इंग्रजीत आलं, "५०२ बॅड गेटवे."

बाईंनी चष्मा वर केला. "हे बॅड कोणाला म्हटलंय?"

"मुलाला नाही बाई. मागच्या सर्व्हरकडून उत्तर येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ."

"मग तेवढंच मराठीत लिही. लग्नाच्या मुलाच्या फोटोखाली बॅड शोभत नाही."

घरी येऊन लिहायला बसले आणि माझ्या अंगात आलं. या बाईंनी आठवी ते दहावी माझ्या निबंधातल्या प्रत्येक वऱ्हाडी 'मले' आणि 'काऊन'भोवती लाल गोल काढला होता. म्हणून मी मुद्दाम लिहिलं, "आतला गडी झोपला हाये. उठवून राह्यलो. जरा दम धरा." मागचा सर्व्हर बंद करून पाहिलं, वाक्य फोटोखाली झकास उमटलं. एकटीच खूप हसले. साइट सुरू करण्याआधी सभ्य वाक्य टाकायचं असं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

हिवाळ्यात एका सोमवारी मी देऊळघाटला मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला गेले होते. फोन पर्समध्ये, पर्स बायकांच्या गराड्यात. चारच्या सुमारास बाहेर काढला तर बाईंचे सात मिस्ड कॉल. फोन लावला. बाई एवढंच म्हणाल्या, "असशील तशी ये."

गेले. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, शाळेत वही तपासून झाल्यावर बसायच्या तशा.

"धामणगाव बढ्याचे एक किराणा व्यापारी आहेत," त्या म्हणाल्या. "मुलगी बी.एस्सी. झालीय. त्यांना उंद्रीचा एक मुलगा पसंत पडला होता. आज सकाळी साडेनऊला घरच्यांना दाखवायला फोटो उघडला. खाली लिहिलेलं, आतला गडी झोपला हाये. बाराला उघडला, गडी झोपलेला. तीनला उघडला." बाईंनी मग त्या गृहस्थांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, जणू चिमट्यात धरून. "बाई, पोरगा दिसाले चांगला हाये, पन हा उठते कवा?"

मला हसू फुटलं आणि बाईंचा चेहरा बघून ते मी गिळलं.

"वाक्य कोणी लिहिलं?"

"मी."

"लिहिणारी तू. मग 'राह्यलो' का? 'राह्यली' नको?"

"सर्व्हर पुल्लिंगी आहे, बाई."

यावर त्यांनी थोडा विचार केला आणि ते मान्य केलं. मी तिथेच लॅपटॉप उघडला. ज्यांच्याकडून साइट चालवायचं मशीन भाड्याने घेतलं होतं त्यांनी पहाटे ते दुरुस्तीसाठी बंद करून पुन्हा चालू केलं होतं. वेब सर्व्हर आपोआप सुरू झाला होता. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला आपोआप सुरू व्हायला सांगायचं मी विसरले होते. म्हणजे पुढचा दिवसभर मागच्याला हाका मारत होता आणि मागचा खरोखरच पडून होता. मी त्याला सुरू केलं, आणि मशीन पुन्हा बंद पडून चालू झालं तरी तो आपणहून उठेल अशी तजवीज केली. पाच मिनिटांचं काम.

"झालं," मी म्हणाले.

"काही झालेलं नाही. पुढचं ऐक. त्या गृहस्थांनी मुलाच्या घरीही फोन केला."

फोन मुलाच्या आईने उचलला होता. यांनी विचारलं, तुमचा पोरगा झोपला हाये का? ती माउली म्हणाली, हाव, झोपला हाये, पन तुमाले कोनं सांगतलं? कारण मुलगा खरंच झोपला होता. त्या आठवड्यात शेतातली लाइट रात्रीच येत होती, आणि हरभऱ्याला रातभर पाणी देऊन तो सकाळी आडवा झाला होता.

आता धामणगावच्या व्यापाऱ्यांची खात्री पटली होती की बाईंच्या साइटला घराघरातलं दिसतं. आणि उंद्रीच्या आईची खात्री पटली होती की आपल्या घरातल्या बातम्या बाईंना शेजारची जाऊ पुरवते. संध्याकाळच्या आत ती जावेला भिंतीवरून चार शब्द सुनावून मोकळीही झाली होती.

"रविवारी ते लोक घर पाहायला उंद्रीला जाताहेत," बाई म्हणाल्या. "मुलगीही येणार आहे, तिनेच हट्ट धरलाय. तू माझ्याबरोबर येतेस आणि सगळ्यांसमोर खरं सांगतेस."

रविवारी आम्ही उंद्रीला पोचलो तेव्हा बैठकीत सगळे बसलेले होते. मुलगा स्वच्छ दाढी करून, टक्क जागा. पोह्यांच्या बशा हातात आल्या आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बशी खाली ठेवली आणि पुढचा सर्व्हर, मागचा सर्व्हर सांगायला लागले. कुणाच्याही चेहऱ्यावर काही उमटेना. मग मी व्यापाऱ्यांनाच विचारलं, "काका, तुमच्या दुकानात गल्ल्यावर कोण बसतं?"

"मी बसतो."

"आणि गोदामात?"

"गडी असते."

"गिऱ्हाइकाने साखर मागितली, तुम्ही आत आवाज दिला आणि गडी बोललाच नाही, तर गिऱ्हाइकाला काय सांगता?"

त्यांनी बशीतला शेवटचा घास संपवला. "हेच सांगतो. झोपला असन." मग त्यांना समजलं. "मंग थे पोराबद्दल नव्हतंच?"

"नव्हतं. ते मी गंमत म्हणून लिहिलं होतं. चूक माझी."

मुलाची आई दारात उभी होती. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता भिंतीवरचे चार शब्द माझ्या वाट्याला येणार. ती म्हणाली, "म्हंजे जावेले मी उगाच बोलली." आणि पाहुण्यांना तसंच सोडून शेजारी निघून गेली. थोड्या वेळाने जावेला हाताला धरून घेऊन आली. जाऊ घुश्शातच होती, पण बसली, आणि तिने चहा दोनदा घेतला.

मग मुलीची पाळी आली. तिने सरळ मुलालाच विचारलं, "तुम्ही दिवसा झोपता, तवा फोन आला तं उचलता का?"

"उचलतो," मुलगा म्हणाला. "पन काय बोललो थे मंग ध्यानात राह्यत नाही."

ती हसली. तिचे वडील खिडकीतून बाहेर बघू लागले. मला तेव्हाच कळलं की काम झालं. महिन्याभरात सुपारी फुटली.

त्या रविवारी परतीच्या वाटेवर बाई गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. सभ्य वाक्य मी आदल्याच दिवशी टाकलं होतं, त्यांनी स्वतः शुद्धलेखन तपासून दिलेलं, त्यामुळे मी निर्धास्त होते. चिखली मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "सोमवारी ते वाक्य फक्त याच मुलाच्या फोटोखाली होतं?"

"नाही बाई. सगळ्याच मुलांच्या."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"फोटो तर बऱ्याच लोकांनी उघडले असतील. मग बाकी कुणाचा फोन कसा आला नाही?"

"त्यांना ते खरंच वाटलं असेल, त्यात विचारायचं काय," मी म्हणाले.

बाईंनी मान वळवून खिडकीची काच वर केली. पण काचेत मला त्यांचं हसू दिसलं.