पारूवहिनीचं बाळंतपण

माझ्या वडिलांनी, आबांनी, आईची पत्र्याची पेटी फाट्यावर आणून टेकवली आणि एसटीची वाटही न बघता ते माघारी फिरले. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मी तेरा वर्षांची होते. जाता जाता आबा एवढंच म्हणाले, "कुसुम, तुला ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा. तुज्यावर माजा राग न्हाई." मी आईकडे बघितलं. ती ये म्हणाली नाही, की राहा म्हणाली नाही. गाडी आली तशी मी चढले. आईच्या ओढीनं चढले की त्या घरात एकटं राहायच्या भीतीनं, ते मला अजून सांगता येत नाही.

आमच्या भरे गावात राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता की आई बाटली म्हणून आबांनी तिला काढलं. तसं झालं नाही. काय झालं ते सांगते.

माझा थोरला भाऊ दत्ता एकोणीस वर्षांचा होता. आमच्या आणि चुलतभाऊ किसनदादाच्या भातखाचरांमध्ये एक बांध होता, त्यावर एक साग. किसनदादानं तो तोडायला घेतला, दत्ता अडवायला गेला. शब्दाला शब्द वाढला आणि कुऱ्हाडीचा दांडा दत्ताच्या डोक्यात बसला. बैलगाडीतून पौडच्या दवाखान्यात नेलं, तिथं तो तासाभरात गेला. तिथल्या नर्स सुमनताईंनी त्याचं तोंड पुसलं, कंगवा हातात घेतला आणि आईला विचारलं, "भांग कुठल्या बाजूला पाडायचा?" त्या दिवशी आईशी एवढं नीट बोललेलं दुसरं कुणी नव्हतं.

किसनदादाला पोलिसांनी नेलं, पुढं सात वर्षांची सजा झाली. मागं घरात त्याची बायको पारूवहिनी एकटी राहिली. सासू-सासरे आधीच गेलेले, माहेर तुटलेलं, आणि तिला दिवस गेलेले. आई रोज सकाळी त्यांच्या दाराकडे तोंड करून उभी राहायची आणि म्हणायची, "तुजी कूस करपंल. तुज्या घरात पाळना हलायचा न्हाई." गावातली निम्मी बाळंतपणं आईनं केलेली. तिच्या तोंडून असा शाप आला की ऐकणारी बाई कानांवर हात ठेवायची.

आईला झोप येईना. औषधासाठी ती सुमनताईंकडे जाऊ लागली. ताई नगरकडच्या ख्रिस्ती. रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत पाच-सहा माणसं प्रार्थनेला बसत. आई दाराशी पदर आवळून बसायची, मी तिच्या मागं. त्या प्रार्थनेत दुसऱ्यांचे अपराध माफ केल्याचं एक वाक्य येतं. तिथं आई तोंड मिटून घ्यायची. परत येताना एकदा म्हणाली, "येवडं सोडून बाकीचं समदं देवाला देते म्हनावं."

येशूनं आपल्या मारेकऱ्यांसाठी माफी मागितली, असं सुमनताईंनी सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा मान वर करून बोलली. "त्याची आई तितंच उभी व्हती ना? तिला कुनी इचारलं का?"

ताई आईजवळ सरकून बसल्या. मला वाटतं, कुणी घाईनं उत्तर दिलं असतं तर आई पुन्हा तिकडे गेली नसती. त्यानंतर काही रविवारांनी त्या वाक्यापाशी तिचे ओठ हलताना मी पाहिले. आवाज आला नाही.

मग एक दिवस सकाळपासून पारूवहिनीच्या घरातून ओरडणं ऐकू यायला लागलं. भावकीतली एकही बाई आबांच्या धाकानं तिकडे फिरकेना. दुपार झाली. आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "कुसुम, पानी तापव."

आम्ही आत गेलो. आईला बघून पारूवहिनी भिंतीकडे सरकली, किंचाळली. "काकी, माजं लेकरू मारू नगा!"

"मारायला न्हाई आले गं," आई म्हणाली. "घाबरू नगं. मी हाय."

बाळ पायाळू. आलं तेव्हा निळं पडलं होतं, रडत नव्हतं. आईनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा स्वतःच्या तोंडानं ओढून थुंकला, पाठ चोळली, परत ओढला. पोरगी रडली. मग आई तिला मांडीवर घेऊन भुईवर बसली आणि दत्ता गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. "पारू, मी शाप दिल्ता. त्यो मागं घेतला."

आबा अंगणात उभे होते. "ज्या हातांनी दत्तूला न्हाऊ घातलं त्याच हातांनी त्येची पोर काढलीस? तुज्या त्या देवानं शिकीवलं हे?"

"व्हय," आई म्हणाली.

त्या एका शब्दावर आमचं घर सुटलं.

पुण्यात सुमनताईंच्या ओळखीनं एक खोली मिळाली. आई एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला. येशूच्या शुभवर्तमानानं तिला सुखी केलं असं मी लिहिणार नाही. दत्ता गेला त्या तिथीला ती जेवत नसे. पण शिव्याशाप गेले. रोज प्रार्थनेत ती आबांचं नाव घ्यायची, किसनदादाचंही. मी शेजारी बसून दात आवळायची. माझा भाऊ मेला, बाप तुटला, आणि हिला शांती मिळाली, असं मला वाटायचं. मी नर्स झाले, ड्यूट्या करू लागले. उपासनेला मात्र आईसाठीच जायची.

सात-आठ वर्षांनी आई काविळीनं गेली. आबांना निरोप धाडला, ते आले नाहीत. दफनभूमीत पाळक प्रार्थना करत असताना फाटकापाशी पारूवहिनी दिसली, बरोबर तिची पोरगी. त्यांच्या मागं, सुटून आलेला किसनदादा. केस पांढरे झालेले. तो माझ्यापासून चार हातांवर थांबला. "कुसुम, काकीला माती दिऊ का?"

मला हो म्हणवेना. मी नुसती बाजूला झाले. त्यानं वाकून मूठभर माती टाकली आणि तिथंच खाली बसला. पोरीनं त्याचा हात धरून त्याला उठवलं.

आता वर्षातून एकदा मी भऱ्याला जाते. पिरंगुटच्या बाजूला कारखान्यांच्या शेड उठल्यात, गावातली पोरं सायकलीवरून शिफ्टला जातात. आबांच्या घराचं दार मी आले की लागतं. मी उंबऱ्याशी थोडी थांबते, हाक मारते, मग समोरच्या घरात जाते. ज्यानं माझ्या भावाला मारलं त्याच्याच घरात माझं अंथरूण पडतं. याला माहेर म्हणावं का, मला ठाऊक नाही. भऱ्यात मला दुसरं दार उघडं नाही.

पारूवहिनी ताट वाढते. किसनदादा मी असेपर्यंत पडवीतच बसतो, जेवायला आत येत नाही. गेल्या खेपेला भाकरी मोडता मोडता माझा हात थांबला. आईच्या त्या 'व्हय'सारखा स्वच्छ आवाज माझा काही निघाला नाही, पण म्हणाले, "दादा, आत ये. तूबी जेव."