आमच्या नवऱ्यांनी जोडलेल्या रायफली

माझ्या मुलीच्या, इराच्या किंडरमध्ये, म्हणजे बालवाडीत, हरवलेल्या वस्तूंची एक टोपली असते. कुणाचा एकच मोजा, कुणाची टोपी, कुणाच्या डब्याचं झाकण. टर्म संपेपर्यंत ती भरून वाहायला लागते आणि त्यातलं काही आपलं आहे असं एकही पालक कबूल करत नाही. आमच्या नवऱ्यांच्या रायफलींचे किस्से असेच साठलेत. मालकी कुणीच सांगत नाही. मी आणि ऋचा अधूनमधून चहा घेताना ती टोपली उपडी करतो, त्यामुळे सगळे तोंडपाठ झालेत.

नवरे म्हणजे माझा मंदार आणि ऋचाचा प्रसाद. दोघं आयटीत, दोघं ऑस्ट्रेलियातल्या ट्रुगानिना उपनगरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. छंदांच्या बाबतीत प्रसाद कप्तान, मंदार उपकप्तान. आधी घरचा पाव झाला, मग दुर्बीण, मग घट्ट कपड्यांतलं सायकलिंग, मग बारा तास मांस शिजवणारी लोखंडी भट्टी. आमच्या दोन्ही गराजमध्ये गाडी सोडून सगळं राहतं.

एका रविवारी बार्बेक्यूवर कणसं उलटता उलटता प्रसादने जाहीर केलं की आता रायफल. आणि विकत नाही घ्यायची, सुटे भाग आणून स्वतः जोडायची. त्याच्या ऑफिसातल्या कुणा स्कॉटने म्हणे जोडली होती.

"रेडिमेड काय, कुणीही घेतो," प्रसाद म्हणाला. हा माणूस नळाचा वायसर बदलायला प्लंबर बोलावतो.

मंदारच्या डोळ्यांत ती चमक आली. इराचा पलंग मंदारनेच जोडला होता. चार तास लागले होते आणि शेवटी तीन स्क्रू उरले होते. "स्पेअर दिलेत," असं तो म्हणाला होता. त्या पलंगाखाली मी अजूनही उशा घालून ठेवते.

"मंदार," मी विचारलं, "रायफलचे तीन स्क्रू उरले तर?"

* * *

इथे रायफल हवी तर आधी लायसन्स लागतं, आणि लायसन्ससाठी कारण पटवावं लागतं. "टार्गेट शूटिंग, क्लबचा सभासद" एवढी एक ओळ आणि क्लबचं पत्र पुरतं. पण आमच्या लोकांनी आयुष्यात एकच ऑस्ट्रेलियन अर्ज मन लावून भरलेला असतो, तो म्हणजे पीआरचा, इथे कायमचं राहायच्या परवान्याचा. हात तिकडेच वळतो.

दोघांनी फाइल केली. अनुक्रमणिका, रंगीत विभाजक, प्रत्येक कागदाची साक्षांकित प्रत. दहावीपासूनच्या मार्कशीट, दोन शेजाऱ्यांची चारित्र्याची पत्रं, आमचं मॅरेज सर्टिफिकेट. वर आमचे संसाराचे फोटो, तारखेनुसार. एकात मी डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर बसलेली.

काउंटरवरच्या बाईंनी क्लबचं पत्र काढून घेतलं आणि बाकीची फाइल दोन्ही हातांनी मंदारकडे परत सरकवली.

"डार्लिंग," त्या म्हणाल्या, "तू रायफलशी लग्न करत नाहीयेस."

* * *

शिकवायला ग्रॅहम भेटला. सत्तरीचा, बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना असलेला, शहराबाहेर तासाभरावर शेड. ज्या लोखंडी भागावर नंबर असतो तो परमिट आल्याशिवाय हातात मिळत नाही, आणि परमिट यायला वेळ होता. तोवर ग्रॅहमने दोघांना अक्रोडाच्या लाकडाची एकेक फळी दिली. यातून दस्ता काढा, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. घासा म्हणाला. रविवारमागून रविवार, घासा.

आमच्यांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, एक्सेल शीट केली, लाल-पिवळे-हिरवे रंग भरले. रविवारी शेडमध्ये पोचल्यावर आधी दहा मिनिटं उभ्याने मीटिंग. काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय. ग्रॅहम कॉफीचा मग धरून ऐकायचा.

तिसऱ्या महिन्यात प्रसादने लॅपटॉप उघडून दाखवला. काम ऐंशी टक्के पूर्ण. मागच्या महिन्यातही ऐंशीच होतं, पण हे वेगळे ऐंशी, असं त्याने समजावलं.

ग्रॅहमने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग प्रसादच्या फळीकडे.

"मेट," तो म्हणाला, "फळी आहे ती."

* * *

हसायला मला आवडतं, पण मधल्या काळात माझी झोप उडाली होती हेही लिहायला हवं. रायफल कधी ना कधी पूर्ण होणार, झाली की घरी येणार, आणि घरात चार वर्षांची इरा. इराने मेणाचा खडू चाटला तेव्हा मी विषबाधेच्या हेल्पलाइनला दोनदा फोन केला होता, कारण पहिली बाई मला पुरेशी घाबरलेली वाटली नाही. आमच्या कपाटांना लहान मुलांसाठीची कुलपं आहेत, ती मला स्वतःला उघडत नाहीत. अशा बाईने काय करावं? मी पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले आणि इराला एक नियम शिकवला. बंदुकीशी संबंधित काहीही दिसलं की हात लावायचा नाही, लगेच जवळच्या मोठ्या माणसाला सांगायचं.

इरा नियम पाळणारी मुलगी आहे. सुपरमार्केटच्या काउंटरवर तिने केळी मोजणाऱ्या बाईंना सांगितलं, "माय बाबा इज मेकिंग अ गन." पोहण्याच्या क्लासच्या सरांना सांगितलं. समोरच्या व्हिएतनामी आजींना सांगितलं. किंडरमधल्या बाईंचा मला फोन आला. त्यांचा आवाज इतका गोड होता की मी गाडीत बसून पाच मिनिटं रडले.

त्या दिवशी मी मंदारला अट घातली. रायफल घरी आणायची तर आण. पण तिजोरीच्या किल्लीपर्यंत मी किंवा इरा पोचलो, तर त्याच दिवशी रायफल ग्रॅहमकडे परत, कायमची.

"डन," मंदार म्हणाला. "तसाही कायदाच आहे. किल्ली कुठे आहे ते तुला माहीत असताच कामा नये."

सात वर्षांच्या संसारात या माणसाला स्वतःचा चष्मा मला विचारल्याशिवाय सापडलेला नाही.

* * *

दसऱ्याच्या आधी साताऱ्याहून सासूबाई आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना आमची बेडरूम आणि तिच्यातलं बाथरूम दिलं, आम्ही स्टडीत गाद्या टाकल्या. मंदारची आंघोळ इराच्या बाथरूममध्ये सुरू झाली.

खंडेनवमीला मंदारचा दस्ता घरी होता. नुसतं लाकूड, म्हणून आणायला परवानगी. आदल्या संध्याकाळी तेलाचा पहिला हात देऊन तो गराजमध्ये वाळत ठेवलेला. सकाळी सासूबाईंनी तिथे पाट मांडला. स्क्रूड्रायव्हर, ड्रिल, माझा लॅपटॉप, पोळ्यांचं यंत्र आणि मधोमध दस्ता. हळद, कुंकू, फुलं. आणि ओल्या तेलावर, बोट बुडवून, ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक.

मंदार ऑफिसला निघताना गराजमध्ये गेला आणि परत आला तो पांढराफटक. "मृणाल," तो म्हणाला, "ऑस्ट्रेलियात. रायफलवर. स्वस्तिक."

त्याने सुट्टी टाकली. तीन तास घासलं. लाकूड पातळ झालं, पण लाल छटा काही गेली नाही. सासूबाई दिवसभर माझ्याशीसुद्धा बोलल्या नाहीत.

रविवारी ग्रॅहमने विचारलं, लाकडाला काय झालं? मंदारने अर्धा तास समजावलं. आमची पाच हजार वर्षं, युरोपची बारा वर्षं, भुजांची दिशा, सगळं. फोनवर आकृत्या दाखवल्या.

ग्रॅहम शांतपणे म्हणाला, "म्हणजे तुझ्या आईने आशीर्वाद दिला?"

"हो."

"मग तू तो पुसलास कशाला?"

* * *

प्रसादची रायफल आधी पूर्ण झाली. क्लबमध्ये पहिल्या दिवशी आम्ही सगळे गेलो, ऋचाने ढोकळा नेला होता. प्रसादने दहा गोळ्या झाडल्या. टार्गेटचा कागद कोराच राहिला. शेजारच्या काकांच्या टार्गेटवर मात्र दोन भोकं जास्तीची आली. काकांनी थम्स-अप केला.

प्रसादने कारणं सांगितली. रायफलीवरची दुर्बीण जुळलेली नाही, वारा आहे, गोळ्यांची बॅच खराब असेल. भाग बदलून घेऊ म्हणाला, ग्रॅहमची जोडणी कुठेतरी चुकली असावी.

ग्रॅहम पुढे आला. आडवा झाला, त्याच रायफलीने पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका वाटीच्या तळाएवढ्या जागेत. मग उठून त्याने रायफल प्रसादच्या हातात दिली.

"रायफल ठीक आहे," तो म्हणाला.

ऋचाने ढोकळ्याचा डबा आधी ग्रॅहमपुढे धरला.

* * *

आणि मग आमची घरी आली. स्टडीतल्या भिंतीच्या कपाटात, काँक्रीटला बोल्टने आवळलेल्या तिजोरीत. मी शोधायला सुरुवात केली.

तांदळाचा डबा पाहिला, बुटांची खोकी पाहिली, दुर्बिणीची पेटी, पाव भाजायचं भांडं, सायकलच्या सीटखालची पिशवी. अकरा चार्जर सापडले. इराची हरवलेली टोपी सापडली. माझ्यापासून लपवलेली बाकरवडी सापडली. किल्ली नाही. चार दिवसांनी मी हात टेकले आणि मला चक्क थोडा अभिमान वाटला. आठव्या दिवशी वाटलं, अरे, हा माणूस खरंच जबाबदार झाला की काय. मग हेल्पलाइनला दोनदा फोन करणाऱ्या बाईला, म्हणजे मला, प्रश्न पडला: मीच उगाच घाबरट आहे की काय?

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या आयुष्यात आनंद आला. मुंजीनंतर वर्षभरात ज्याने जानवं काढून टाकलं, तो मंदार ते पुन्हा घालायला लागला होता. त्यांच्याच बॅगेतून मागून घेतलं. "इथे आल्यावर आपल्या गोष्टींची किंमत कळते, आई," असं म्हणाला. सासूबाईंनी साताऱ्याला फोन करून तीन जावांना सांगितलं. मंदारला आजकाल गंजी घालून झोपायची सवय लागली होती, थंडी वाजते म्हणे. मी लक्ष दिलं नाही. मी तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी उघडून पाहत होते.

शनिवारी सकाळी तपासणीला पोलिस आली. तरुण मुलगी, केसांचा घट्ट अंबाडा, हातात क्लिपबोर्ड. तिने तिजोरी हलवून पाहिली, बोल्ट पाहिले, गोळ्यांची वेगळी पेटी पाहिली, सगळ्यावर खुणा केल्या. दारात सासूबाई, त्यांच्या पुढे इरा, इराच्या मागे मी.

"आणि किल्ली?" तिने विचारलं.

मंदारने आमच्याकडे पाठ केली. शर्टची वरची दोन बटणं काढली, गंजीत हात घातला आणि जानवं बाहेर ओढलं. टोकाला किल्ली.

सासूबाईंच्या चेहऱ्यावरून आठवडाभराचा आनंद हळूहळू उतरला. पोलिस मात्र खूश झाली. हे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"म्हणजे ही कायम तुमच्या अंगावरच असते?"

"ऑलवेज," मंदार म्हणाला. "आमची जुनी परंपरा आहे."

मी हरले होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. खूण करायला पोलिसने पेन उचललं.

तेवढ्यात इरा पुढे झाली. नियमातलं जवळचं मोठं माणूस म्हणजे आता ती पोलिस.

"व्हेन बाबा हॅज अ शॉवर," ती म्हणाली, "इट लिव्ह्ज ऑन माय हुक. द युनिकॉर्न वन."

पेन थांबलं. पोलिस गुडघ्यावर बसली आणि तिने विचारलं, त्या हुकपर्यंत तुझा हात पोचतो का?

इराने हात वर करून दाखवला. डोक्याच्या जेमतेम वर. "इट्स माय हुक," ती म्हणाली.

मी मंदारकडे पाहिलं. मंदारने गालिच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी माझी बाही ओढून विचारलं, काय म्हणाली गं ती? मी शब्दन्‌शब्द मराठीत सांगितलं. मंदार आंघोळीला जातो तेव्हा ते इराच्या टॉवेलच्या हुकवर असतं.

सासूबाईंनी छातीवर हात ठेवला.

"म्हणजे तू आंघोळीला जानवं काढतोस?"