दाजी घेत नव्हते

दाजी गेल्याचा फोन भाच्याने, सुनीलने केला तेव्हा मी नगरला बँकेच्या रांगेत उभा होतो. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, सोनईजवळचे बागायतदार, वय एकाहत्तर. लिव्हर पूर्ण निकामी झालं होतं. त्यांना जाऊन दीड महिना होत आला. या दिवसांत भेटायला आलेल्या निम्म्या माणसांनी आवाज खाली आणून मला एकच विचारलं, "घेत होते का हो?" नाही. दाजींनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तोंडी सांगून थकलो, म्हणून आता लिहितो आहे.

दाजी पंचक्रोशीतली भांडणं मिटवायचे. कुणी बांध कोरला, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली, की कोर्टात जाण्याआधी लोक त्यांना बोलावत. तिकडची रीत अशी, की मध्यस्थाने आधी दोन्ही घरचा चहा घ्यायचा. एका घरचा नाकारला, की तो दुसऱ्या बाजूला फितला. शिवाय मोठा माणूस आला म्हणून साखर सढळ हाताने. एकदा मी दिवसभर त्यांच्याबरोबर फिरलो, तर संध्याकाळपर्यंत नऊ कप झाले. शेव, पेढे, लाडू वेगळे. साठीनंतर शेत सुनीलने हातात घेतलं, दाजींचे गुडघे आखडले, आणि मळ्यापर्यंत पायी जाणारा माणूस देवळापर्यंतसुद्धा मोटारसायकलवर जाऊ लागला. पोट सुटलं. लोक त्यावर थाप मारून म्हणत, सुखाचं पोट आहे.

पासष्टीच्या सुमारास पोट जड वाटतं म्हणाले म्हणून मी त्यांना नगरला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. लिव्हरवर चरबी चढली आहे, ते कडक व्हायला लागलं आहे. दारू न पिणाऱ्यालाही हे होतं. साखर बंद करा, रोज चाला, वजन उतरवा, अजून सावरता येईल. अजून सावरता येईल... हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. घरी येऊन दाजींनी अक्काला सांगितलं, पोटात जराशी चरबी आहे. लिव्हरचं नावही काढलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, आमच्याकडं लिव्हर म्हनलं की मान्सं एकच समजत्यात. मग माझा निवाडा कोन मानील?" मी म्हटलं, मग मधुमेह आहे म्हणून सांगा. त्यावर ते भडकले. "खोटं बोलून न्याव करायला बसू व्हय?"

काही महिने ते चालले, चहा टाळला. वजनही उतरलं. मग दोघा सख्ख्या भावांचं बांधाचं प्रकरण आलं. मी बरोबर होतो. थोरल्याकडे दाजी नुसतं पाणी प्यायले. धाकट्याकडे कप पुढे आला, तेव्हाही पाणीच मागितलं. धाकटा म्हणाला, "थोरल्याकडं बासुंदी झाली असंल. आमचा च्या आता कडूच लागायचा." ओसरीवरचे सगळे हसले. मी म्हणालो, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. "का? काय झालंय?" धाकट्याने विचारलं. मी दाजींकडे पाहिलं... त्यांनी कप उचलून रिकामा केला आणि मग थोरल्याकडे परत जाऊन तिथलाही घेतला. भांडण मिटलं. दुसऱ्या दिवसापासून दाजींचं सगळं पहिल्यासारखं. अक्का भांडली, मी भांडलो, उपयोग झाला नाही. माझा राग गावावर आहे तेवढाच त्यांच्यावरही आहे. चार माणसांत नाव राहावं म्हणून त्यांनी स्वतःचं शरीर दिलं, आणि शेवटी नावही राहिलं नाही.

शेवटची दोन वर्षं कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पोटात पाणी साचायचं, पाय सुजायचे, मांडी घालून जेवता येईना. धोतर अक्काने नेसवायचं. पुढे डोक्यातही गोंधळ व्हायला लागला. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोकडे बघून ते सुनीलला विचारायचे, ही बाई कुनाची. ज्यांची भांडणं त्यांनी मिटवली, त्यांतला तोच धाकटा भाऊ एकदा भेटायला आला. बाहेर पडताना अक्काच्या देखत सुनीलला म्हणाला, बाटली कुठं लपवत होते ते बघ जरा.

दहावा झाल्यावर मी सुनीलला धरून सोनोग्राफीला नेलं. वय त्रेचाळीस. तेच निघालं. अक्का त्या दिवशी जेवली नाही. गेल्या आठवड्यात त्या भावांचं पुन्हा पेटलं आणि वडिलांच्या जागी म्हणून सुनीलला बोलावणं आलं. मी गावातच होतो, त्याच्याबरोबर गेलो. धाकट्याच्या ओसरीवर कप पुढे आला.

"काका, माझ्या लिव्हरवर चरबी हाय," सुनील म्हणाला. "वडलांच्या बी हुती. मी च्या घेनार न्हाई."

धाकटा म्हणाला, "आसं... म्हंजी तू बी घेतोस."

सुनील उठला. मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात दिली आणि शेतातून चालत घरी निघाला. मी आधी पोचलो. अक्काने दाजींच्या कॉटवरची गादी अंगणात उन्हात टाकली होती. सुनील घामाघूम होऊन आला, तेव्हा ती हातातली काठी थांबवून म्हणाली, "मिटलं का?"

"न्हाई. मोडलं."

"मोडू दे," अक्का म्हणाली, आणि गादी पालथी करून झोडपत राहिली.